फ्रीलान्स लिहिणाऱ्यांनी टॅक्सचं नेमकं काय करायचं? टीडीएस कापला म्हणजे झालं ना?

मोकळी_लेखणी, पुणे
२ मार्च २०२६

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी मार्चमध्ये पेपरातली नोकरी सोडली, अकरा वर्षं उपसंपादक होते, तिथे पगारातून कापलेल्या टॅक्सचा फॉर्म १६ यायचा तो मिस्टरांच्या ओळखीतल्या एकांना दिला की दहा मिनिटांत रिटर्न भरून व्हायचा, त्यामुळे टॅक्स म्हणजे काय ते मला खरंच कधी कळलंच नाही. आता हे पूर्ण वर्ष फ्रीलान्सिंगचं आहे आणि मार्च सुरू झालाय तशी धाकधूक व्हायला लागलीय.

काम असं आहे की पुण्यातल्या एका एजन्सीचं कंटेंट दर महिन्याला ४०,००० चं, ते १०% टीडीएस कापून ३६,००० देतात. एका प्रकाशकाकडे दोन पुस्तकांचे अनुवाद केले त्याचे १,२०,०००, तिथेही १०% कापले. एका कंपनीचं इनहाउस मासिक करते त्यांनी मात्र १,८०,००० वर फक्त १% कापला, का ते कळलं नाही. लंडनचा एक क्लायंट आहे त्याचे साधारण ७ लाख पेपॅलवरून आले, त्यात काहीच कापलेलं नाही. आणि दिवाळी अंकांची मानधनं, पेपरातले लेख वगैरे मिळून ४०,००० च्या आसपास, तेही पूर्ण मिळाले.

प्रश्न असे की १) ज्यांनी टीडीएस कापला त्यांच्यावरचा टॅक्स भरून झाला ना? मग उरलेल्यावरच भरायचा का? २) दिवाळी अंकाचं दोन-तीन हजारांचं मानधन पण दाखवायचं का? ३) एजन्सीवाली मुलगी म्हणते पुढच्या वर्षी जीएसटी नंबर घ्या, खरंच लागतो का? ४) एका मैत्रिणीने सांगितलं की अर्धं उत्पन्न खर्च म्हणून दाखवता येतं काहीही बिल न लावता, हे खरं आहे का? खर्च माझा धरला तर सव्वादोन लाखाच्या आसपास जातो, दिवाळीत लॅपटॉप घेतला ६८,००० चा तो धरून.

सीएकडे जायचंच आहे पण जाताना काय विचारायचं तेही माहीत नाहीये, म्हणून आधी इथे.

---

वारज्याचा_विनू
२ मार्च २०२६

टेन्शन घेऊ नका ताई, आयकराच्या कलम ४४एडीए मध्ये टाका. एकूण जमा झाले त्याच्या ५०% उत्पन्न दाखवायचं, बाकी ५०% खर्च, कोणी बिल विचारत नाही. तुमचे १५ लाख झाले तर साडेसात लाख उत्पन्न, आणि आता १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, म्हणजे टॅक्स शून्य, कापलेला टीडीएस सगळा परत. मी वेबसाइट डिझाइन करतो, तीन वर्षं असंच भरतोय, रिफंड येतो. आयटीआर ४ हा रिटर्नचा फॉर्म भरा, घरबसल्या होतं.

---

सोलापूरचा_सीए
२ मार्च २०२६

विनूभाऊंनी सांगितलं ते त्यांच्या कामाला चालत असेल, ताईंच्या कामाला तसंच चालेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि हाच मुद्दा लिहिणाऱ्या लोकांचा सगळ्यात नाजूक आहे म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो, बाकीचे प्रश्न सोपे आहेत.

४४एडीए हे सगळ्या फ्रीलान्सरना नाहीये. ते कायद्यात नाव घेऊन दिलेल्या व्यवसायांना आहे. यादी अशी की वकिली, डॉक्टरी, इंजिनिअरिंग, आर्किटेक्ट, अकाउंटन्सी, तांत्रिक सल्ला, इंटिरियर डेकोरेशन, आणि नंतर अधिसूचनेने आलेले कंपनी सेक्रेटरी, अधिकृत प्रतिनिधी, आयटीवाले आणि फिल्म आर्टिस्ट. आता फिल्म आर्टिस्टच्या व्याख्येत कथालेखक, पटकथालेखक, संवादलेखक, गीतकार असे चार लिहिणारे आहेत. पण लेख लिहिणारा, अनुवाद करणारा, कंटेंट लिहिणारा, यांचं नाव त्या यादीत कुठेच नाही. बरेच लोक तरी भरतात, बरेच सीएही भरून देतात, आणि रिटर्न प्रोसेस होऊन रिफंडही येतो, कारण प्रोसेसिंग कॉम्प्युटर करतो, तो तुम्ही नक्की काय लिहिता ते वाचत नाही. म्हणून रिफंड आला म्हणजे आयकर विभागाने मान्य केलं असा अर्थ काढू नका. उद्या केस तपासणीला निघाली आणि अधिकाऱ्याने विचारलं की तुमचा व्यवसाय यादीतला कुठला, तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, मैत्रिणीला नाही. काही जण याच्याही पुढे जाऊन ४४एडी मध्ये, म्हणजे धंदेवाल्यांच्या कलमात, ६% नफा दाखवून भरा म्हणतात, ते तर मी कुठल्याही लेखकाला सुचवणार नाही. स्वतःच्या कौशल्यावर चालणारं काम, त्यात ९४% खर्च कुठून आणणार?

माझ्याकडे येणाऱ्या अनुवादकांना, पत्रकारांना मी आयटीआर ३ आणि खरा खर्च असंच करायला लावतो. थोडा टॅक्स जास्त जातो, पण झोप लागते.

आता टीडीएस. टीडीएस म्हणजे तुमचा टॅक्स नव्हे, तुमच्या नावाने सरकारकडे जमा केलेली उचल आहे. वर्षाचं सगळं उत्पन्न एकत्र करायचं, कापलेलं, न कापलेलं, लंडनचं, दिवाळी अंकाचं, बँकेचं व्याज, सगळं. त्यातून खर्च वजा करायचा, त्यावर स्लॅबप्रमाणे टॅक्स काढायचा, आणि मग कापलेला टीडीएस त्यातून वजा. उरलं तर भरायचं, जास्त कापलं असेल तर परत येतं. दिवाळी अंकाने कापला नाही कारण एका देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० च्या आत असेल तर १९४जे, म्हणजे व्यावसायिक फीच्या कलमाखाली कापायची गरज नसते, ही मर्यादा आधी ३०,००० होती, एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. कापला नाही म्हणजे करमुक्त असं नाही, दोन हजारांचं मानधनसुद्धा उत्पन्नच.

१% वाल्यांनी कंत्राटी काम म्हणून १९४सी खाली कापलाय. त्याने तुमच्या शेवटच्या टॅक्समध्ये काही फरक पडत नाही, फक्त त्यांनी कमी कापल्यामुळे तुमच्या खिशातून भरायचं जास्त उरतं.

जीएसटी : सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. लंडनचे ७ लाखही या २० लाखांत मोजायचे, निर्यात आहे म्हणून सोडून द्यायचे नाहीत, इथे बरेच चुकतात. तुमचे सगळे मिळून साधारण १५ लाख होतायत तर आत्ता गरज नाही. परराज्यातल्या क्लायंटला काम दिलं तरी सेवांसाठी हीच मर्यादा. ओलांडली की ३० दिवसांत नोंदणी करायची, आणि मग इथल्या क्लायंटला बिलावर १८% लावायचा, परदेशी क्लायंटसाठी एलयूटी, म्हणजे निर्यातीचं हमीपत्र, भरून ठेवलं की शून्य.

सगळ्यात तातडीची गोष्ट राहिलीच. टीडीएस वजा जाऊन १०,००० किंवा जास्त टॅक्स निघत असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागतो, म्हणजे वर्ष संपायच्या आतच हप्त्यांनी भरायचा. त्याच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च, एकूण टॅक्सच्या १५, ४५, ७५, १०० टक्के असे. तीन गेल्या, चौथीला दोन आठवडे राहिलेत. आकडे नीट टाका, मी काढून देतो.

---

संवाद_पान_७, गोरेगाव
३ मार्च २०२६

मी सिनेमाचे संवाद लिहितो, थोडं जाहिरातींचं. सीए साहेबांनी म्हटलं ते बरोबर, आमच्यासारख्यांचं नाव यादीत आहे म्हणून मी सिनेमाच्या कामाला ४४एडीए वापरतो, आणि त्यात अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे चार हप्ते पण नसतात, सगळा एकदम १५ मार्चला भरायचा. पण व्याख्येत शब्द चित्रपट असा आहे, मालिका लिहिणारे मित्र असतील त्यांनी आपापल्या सीएला स्पष्ट विचारून घ्या, माझं बघून भरू नका.

ताई, तुम्ही आयकराच्या साइटवर फॉर्म २६एएस उघडून बघितलात का? कोणी किती कापला ते तुमच्या पगारपत्रकासारखं तिथे दिसतं, आणि एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांचं पत्रक, ते पण बघा. कापला असं सांगणं आणि तो सरकारकडे भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी ४३,००० रुपये अडकल्यावर शिकलो. एका निर्मिती संस्थेने दोन तिमाही माझे पैसे कापून दिले, बिलावर लिहूनही दिलं, आणि २६एएस मध्ये काहीच नाही. रिटर्न भरताना मी तो क्रेडिट घेतला तर मागणीची नोटीस आली. पाच महिने मेल केले, फोन केले, शेवटी त्यांच्या अकाउंटंटने कबूल केलं की एका तिमाहीचं भरलंच नव्हतं आणि दुसऱ्या तिमाहीत माझ्या पॅनमधलं एक अक्षर चुकलं होतं. मग त्यांनी भरणा केला, दुरुस्ती स्टेटमेंट टाकलं, तेव्हा कुठे सुटलं. तेव्हापासून मी दर तिमाहीला तपासतो, वर्ष संपायची वाट बघत नाही. पहिल्या तिमाहीचं स्टेटमेंट कापणाऱ्याने ३१ जुलैपर्यंत भरायचं असतं, दुसऱ्याचं ३१ ऑक्टोबर, तिसऱ्याचं ३१ जानेवारी आणि शेवटच्याचं ३१ मे. म्हणजे एप्रिलमध्येच घाईने रिटर्न भरलात तर जानेवारी ते मार्चचा टीडीएस दिसणारच नाही, जून उजाडू द्या.

आणि व्यवसाय कर विसरू नका, पीटीईसी म्हणतात ते, वर्षाला २,५००, ३० जूनपर्यंत. सिनेमाच्या लेखकांचं तर या कराच्या यादीत नावच आहे, तुमचं काम त्यात कसं बसतं ते विचारून घ्या. भरलेली रक्कम खर्चात धरता येते.

---

मोकळी_लेखणी
४ मार्च २०२६

तुम्ही सगळ्यांनी इतकं वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. काल रात्री बसून २६एएस उघडलं आणि भीती खरी ठरली, एजन्सीचा एप्रिल ते सप्टेंबरचा २४,००० दिसतोय पण ऑक्टोबर ते डिसेंबरचा १२,००० दिसतच नाहीये. त्यांना मेल केलाय, अजून उत्तर नाही. हे पैसे बुडाले तर तो टॅक्स परत मला भरावा लागणार का?

सीए सर, आकडे देते. जमा : एजन्सी ४,८०,०००, लंडन ७,००,०००, अनुवाद १,२०,०००, मासिक १,८०,०००, दिवाळी अंक वगैरे ४०,०००. एकूण १५,२०,०००. मार्च अखेरपर्यंतचं धरलंय. टीडीएस एजन्सीचा ४८,०००, अनुवादाचा १२,०००, मासिकाचा १,८००, म्हणजे ६१,८००.

खर्च : को-वर्किंगचे महिना ५,००० प्रमाणे ६०,०००, नेट आणि फोन १८,०००, पेपॅलने कापलेले ३१,०००, सॉफ्टवेअरची वर्गणी १४,४००, पुस्तकं-कोश ९,०००, प्रवास १२,०००, सीए फी १२,००० धरलीय, आणि लॅपटॉप ६८,०००. म्हणजे २,२४,४००.

एक अजून, नोकरीत असताना ७५,००० सूट मिळायची ती धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत टॅक्स नाही असं सगळीकडे वाचलं, ते मला लागू आहे का? आणि लंडनचे ७ लाख म्हणजे पेपॅलने कापायच्या आधीचे, हे बरोबर ना?

---

सोलापूरचा_सीए
४ मार्च २०२६

लंडनचं अगदी बरोबर केलंत. बिलाची पूर्ण रक्कम उत्पन्नात आणि पेपॅलची कापणी खर्चात. बरेच जण खात्यात आले तेवढेच दाखवतात. परदेशी पैशाचा बँकेचा किंवा पेपॅलचा सल्ला कागद, एफआयआरए म्हणतात तो, दर महिन्याचा डाउनलोड करून ठेवा.

७५,००० ची प्रमाणित वजावट फक्त पगार आणि पेन्शनवाल्यांना. तुम्ही आता पगारदार नाही, तुमची रेषा १२ लाखांवरच, आणि ती ओलांडली की ४ लाखांच्या वरच्या सगळ्यावर टॅक्स मोजतात.

लॅपटॉप एका वर्षात पूर्ण खर्च दाखवता येत नाही, तो मालमत्ता आहे, त्याचा घसारा मिळतो. कॉम्प्युटरला दर ४०%, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर अर्धाच म्हणजे २०%. दिवाळी २०-२१ ऑक्टोबरला होती, तिथून ३१ मार्चपर्यंत १८० दिवस भरत नाहीत. म्हणून ६८,००० वर १३,६००. उरलेल्यावर पुढच्या वर्षी ४०% मिळेल, वाया जात नाही.

म्हणजे खर्च १,७०,०००. उत्पन्न १३,५०,०००. नव्या करपद्धतीने ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाखांवर ५% म्हणजे २०,०००, ८ ते १२ वर १०% म्हणजे ४०,०००, पुढच्या दीड लाखावर १५% म्हणजे २२,५००. एकूण ८२,५००, त्यावर ४% सेस ३,३००, झाले ८५,८००. टीडीएस ६१,८०० वजा, उरले २४,०००.

हे २४,००० १५ मार्चच्या आत भरून टाका, शेवटच्या दिवसावर ठेवू नका, १५ तारखेला रविवार आहे. आधीचे तीन हप्ते चुकले त्याचं २३४सी खाली व्याज लागेल, महिना १% प्रमाणे तीन-तीन महिन्यांचं, पहिल्यावर १०८, दुसऱ्यावर ३२४, तिसऱ्यावर ५४०, एकूण ९७२ रुपये. ते रिटर्न भरताना भरा. आत्ता भरलं नाहीत तर त्यात २३४बी च्या व्याजाची भर पडून एप्रिलपासून दर महिन्याला आणखी १% चढत जातं.

विनूभाऊंच्या मार्गाने टॅक्स शून्य आणि ६१,८०० परत, माझ्या मार्गाने २४,००० वर भरायचे. ८५,८०० चा फरक आहे, मोह होणं स्वाभाविक आहे आणि तो तुमच्यापासून लपवत नाही. तुम्ही ज्या सीएकडे जाल त्यांनी ४४एडीए सुचवलं तर एकच विचारा, माझं काम कुठल्या नावाखाली बसवताय, आणि ते लेखी देणार का. उत्तर पटलं तर करा.

बुडालेल्या टीडीएसचं : तुमच्या पैशातून कापून घेतलाय तर तो परत तुमच्याकडून वसूल करता येत नाही, कलम २०५ त्यासाठीच आहे. पण २६एएस मध्ये नाही तोवर सिस्टीम आपोआप क्रेडिट देत नाही आणि कागद दाखवत बसावं लागतं. बिल, ३६,००० जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, त्यांचे मेल, सगळं एका जागी ठेवा आणि फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचा दाखला, मागा. फोनवर बोललात तरी मागाहून मेल टाका.

---

वारज्याचा_विनू
४ मार्च २०२६

सर, मला यादीचं हे माहीतच नव्हतं, मला वाटलं सगळ्या फ्रीलान्सरना असतं. माझं वेबसाइट डिझाइन आयटीत बसतं का ते आता सीएला विचारतो. ताई सॉरी, अर्धवट माहितीवर सांगितलं.

---

कृष्णाकाठची, सांगली
५ मार्च २०२६

मी पस्तीस वर्षं लिहितेय, कथासंग्रह आणि कादंबऱ्या, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या ज्या इथे आल्या नाहीत. एक म्हणजे रॉयल्टी. स्वतःच्या साहित्यकृतीची रॉयल्टी मिळत असेल तर ८०क्यूक्यूबी खाली ३ लाखांपर्यंत वजावट आहे, प्रकाशकाकडून फॉर्म १०सीसीडी घ्यायचा. पण ती फक्त जुन्या पद्धतीत मिळते, नव्या पद्धतीत नाही. आणि शाळेची पाठ्यपुस्तकं, गाईड, मासिकं, वर्तमानपत्रं यांना ती नाही. रॉयल्टी एकरकमी नसेल तर पुस्तकांच्या विक्रीकिमतीच्या १५% च्या वरची रक्कम त्यात धरत नाहीत. माझी वर्षाची रॉयल्टी दीड-पावणेदोन लाख आणि वर पेन्शन, म्हणून मी दरवर्षी मुलाला दोन्ही पद्धतींनी काढून बघायला सांगते. पण लेखन हा ज्याचा व्यवसाय आहे त्याला दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत बरं का, जुन्यात जायचं तर १०-आयईए फॉर्म रिटर्नच्या मुदतीच्या आत भरायचा आणि मग नव्यात परत यायची संधी एकदाच. तेव्हा विचार करून.

दुसरं, प्रकाशक कॉपीराइट घेतो तेव्हा त्यावरचा जीएसटी उलट पद्धतीने प्रकाशकानेच भरायचा असतो, लेखकाने नाही. एका नव्या मुलाच्या करारात लेखकाच्या रकमेतून जीएसटी वजा असं कलम घातलेलं मी स्वतः वाचलंय आणि सही करू नकोस म्हणून सांगितलं. करार वाचत जा गं बाळांनो. आपण दुसऱ्याचं अख्खं पुस्तक ओळ न् ओळ वाचतो आणि स्वतःचा करार शेवटच्या पानावर उघडून सही करतो.

आणि लेखणीताई, तुमच्या त्या दोन हजारांच्या मानधनाबद्दल. पूर्वी मनीऑर्डरने यायचं तेव्हापासून माझी सवय आहे, अंकाचं नाव, लेखाचं नाव, तारीख, रक्कम एका वहीत. आज ती वही माझ्या लेखनाची सूची पण झालीय, कुठला लेख कुठे आला ते मला त्यातच सापडतं.

---

संवाद_पान_७
५ मार्च २०२६

काकू, वहीचं फार आवडलं, मी एक्सेलमध्ये करतो पण लेखाचं नाव कधी लिहिलं नव्हतं.

लेखणीताई, मार्चच्या बिलांचं एक लक्षात ठेवा, दरवर्षी यात गोंधळ होतो. तुम्ही २५ मार्चला बिल दिलंत, त्यांनी ३१ मार्चला त्यांच्या वहीत घेऊन टीडीएस कापला, आणि पैसे तुम्हाला १८ एप्रिलला आले. मग २६एएस मध्ये ते बिल या वर्षात दिसतं आणि तुमच्या बँकेत पुढच्या वर्षात. तुम्ही पैसे आले तेव्हा उत्पन्न धरत असाल तर त्या बिलाचा टीडीएस पण पुढच्या वर्षी न्यायचा, रिटर्नमध्ये तशी जागा असते. बिल दिलं तेव्हाच धरत असाल तर या वर्षी. दोन्हीपैकी एक पद्धत धरा आणि दरवर्षी तीच ठेवा, सोयीने बदलू नका. उत्पन्न पुढच्या वर्षी आणि टीडीएसचं क्रेडिट याच वर्षी असं केलं की लगेच विसंगतीचा मेसेज येतो.

---

ई_बुकवाली, डोंबिवली
६ मार्च २०२६

परदेशी पैशाचा विषय निघालाय तर, ज्यांची पुस्तकं किंडलवर आहेत त्यांनी टॅक्सची मुलाखत म्हणून जो फॉर्म येतो तो नीट भरा. भारतातला पॅन टाकला की भारत-अमेरिका करारामुळे अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर १५% कापतात, नाहीतर ३०%. मी पहिलं वर्ष तो रकाना रिकामा सोडला होता आणि ३०% गेले. जो कापला गेलाय त्याचं क्रेडिट इथे मिळतं, पण रिटर्नबरोबर फॉर्म ६७ भरावा लागतो, आणि तेही करारातल्या दरापर्यंतच, म्हणजे माझे वरचे १५% इथे काही मिळाले नाहीत. लंडनच्या क्लायंटसारखं नुसतं लिहून देण्याचं काम असेल आणि तुम्ही इथे घरी बसून करत असाल तर तिकडे काही कापायचा प्रश्न सहसा येत नाही, टॅक्स इथेच.

---

मोकळी_लेखणी
१० मार्च २०२६

अपडेट देते. आज दुपारी भरायला बसले आणि एका ठिकाणी अडकले. आयकराच्या साइटवर ई-पे टॅक्समध्ये वर्ष कुठलं निवडू, २०२५-२६ की २०२६-२७? आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्सच निवडायचं ना? आणि १ एप्रिलपासून नवा कायदा येतोय म्हणतात त्यात हे सगळं बदलणार का?

---

सोलापूरचा_सीए
१० मार्च २०२६

निर्धारण वर्ष, म्हणजे कमाईच्या पुढचं वर्ष, २०२६-२७, प्रकार अ‍ॅडव्हान्स टॅक्स, कोड १००. एप्रिलनंतर उरलेला भरायचा असतो तो स्वनिर्धारण, ३००. वर्ष चुकलं तर पैसे दुसऱ्याच वर्षाच्या खात्यात जाऊन बसतात आणि दुरुस्तीला फार हेलपाटे होतात, म्हणून बटण दाबायच्या आधी दोनदा वाचा.

नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. तुमचं हे चालू वर्ष मात्र जुन्याच कायद्याखाली राहणार, रिटर्न जूनमध्ये भरलात तरी. पुढच्या वर्षीपासून कलमांचे नंबर बदलतील, टीडीएसची १९४ची सगळी मालिका बहुतेक एकट्या कलम ३९३ मध्ये गेलीय, आणि निर्धारण वर्ष हा शब्द जाऊन कर वर्ष येईल. यात एक खोच अशी की तुमचं आत्ताचं निर्धारण वर्ष २०२६-२७ आणि एप्रिलपासून सुरू होणारं कर वर्ष पण २०२६-२७, आकडे तेच पण वर्षं दोन वेगळी. जूनमध्ये पुढच्या वर्षाचा पहिला हप्ता भरताना यावर लोक हमखास चुकणार आहेत, तेव्हा चलनाला नाव देऊन सेव्ह करा, कुठल्या कमाईचं ते त्यात लिहा.

---

मोकळी_लेखणी
१० मार्च २०२६

भरले सर, २४,०००. चलनाची पीडीएफ सेव्ह केली, बँकेचा बीएसआर कोड आणि चलन नंबर शीटमध्ये टाकून ठेवला, नाव दिलंय "एप्रिल २५ ते मार्च २६ ची कमाई".

एजन्सीचं पण उत्तर आलं आज. टीडीएस भरलाय म्हणतात पण स्टेटमेंटमध्ये माझा पॅन चुकलाय बहुतेक, संवाद दादा तुमचं झालं होतं तसंच. मी पॅन कार्डची प्रत जोडून परत मेल केला आणि दुरुस्ती स्टेटमेंट कधी टाकणार ती तारीख मागितलीय. आणि काकू, आज येताना लक्ष्मी रोडवरून एक लांब वही आणली, पहिल्या पानावर मागच्या दिवाळीच्या अंकांची नावं लिहायला घेतलीत, सात लेखांपैकी पाच आठवले, दोन शोधतेय.